विश्लेषण : थायरॉइडच्या सुई-तपासणीतील ‘बेथेस्डा’ आकडा काय सांगतो? पेशी वाचायला शिकवणाऱ्या डॉ. पापानिकोलाऊ यांची गोष्ट

गळ्याशी गाठ जाणवते. सोनोग्राफी होते. डॉक्टर बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासायला सांगतात. काही दिवसांनी मोबाइलवर रिपोर्टची पीडीएफ येते आणि शेवटच्या ओळीत लिहिलेले असते : ‘बेथेस्डा कॅटेगरी ३’ किंवा ‘४’. घरात लगेच सर्च सुरू होतो. हा कॅन्सर आहे का? असेल तर कोणत्या स्टेजचा? आकडा मोठा म्हणजे आयुष्य कमी का?

या आकड्याचा नेमका अर्थ समजून घ्यायचा तर तो ज्या विचारातून आला, तिथपर्यंत मागे जावे लागते. मोजक्या सुट्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, त्यांची वर्गवारी करायची आणि त्यावरून शरीराच्या आत काय चालले आहे हे ओळखायचे, ही पद्धत वैद्यकशास्त्रात रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांना जाते. ‘पॅप स्मिअर’मधील ‘पॅप’ म्हणजे त्यांच्याच आडनावाची सुरुवात. थायरॉइडवर त्यांनी स्वतः काम केले नव्हते. तरीही आज थायरॉइडच्या स्लाइडवर वापरला जाणारा एक प्रमुख रंग त्यांचा आहे, आणि रिपोर्टमध्ये आकडे देण्याची कल्पनाही त्यांच्याच कामातून पुढे आली आहे.

कोण होते पापानिकोलाऊ?

ग्रीसमधील एव्हिया बेटावरच्या कीमी या गावी १३ मे १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील निकोलाओस हे डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाला संगीताची आवड होती आणि तो व्हायोलिन वाजवत असे. अखेर वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने अथेन्स विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला आणि १९०४ मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली.

लष्करी सेवा आणि गावातील काही काळाच्या प्रॅक्टिसनंतर त्यांच्या लक्षात आले की, आपले मन दवाखान्यात रमत नाही. त्यांना प्रयोगशाळा खुणावत होती. ते जर्मनीला गेले. तिथे म्युनिकमध्ये रिचर्ड हर्टविग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॅफ्निया या पाण्यातील सूक्ष्म जीवामधील लिंगनिश्चितीवर संशोधन केले आणि १९१० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी अँड्रोमाकी माव्रोयेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे जग त्यांना मेरी पापानिकोलाऊ म्हणून ओळखू लागले.

त्यानंतर काही काळ त्यांनी मोनॅकोच्या सागरी संशोधन संस्थेत काम केले. मग बाल्कन युद्ध सुरू झाले आणि ते ग्रीक लष्कराच्या वैद्यकीय तुकडीत दाखल झाले. तिथे अमेरिकेहून लढायला आलेल्या ग्रीक स्वयंसेवकांशी त्यांची गाठ पडली. त्यांच्याकडून अमेरिकेतील संधींबद्दल ऐकल्यावर त्यांनी तिकडे जायचे ठरवले.

डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने गालिचे का विकले?

ऑक्टोबर १९१३ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कला पोहोचले. देशात प्रवेश मिळण्यासाठी लागणाऱ्या २५० डॉलरपेक्षा थोडीच जास्त रक्कम त्यांच्याकडे होती. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते. गिंबेल्स या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मेरी यांना आठवड्याला ५ डॉलरवर बटणे शिवण्याचे काम मिळाले, तर वैद्यकशास्त्राची पदवी आणि डॉक्टरेट असलेले जॉर्ज गालिचे विकू लागले. पुढे त्यांनी एका ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी केली, तसेच रेस्तराँमध्ये व्हायोलिनही वाजवले.

सुटका झाली ती जुन्या संशोधनामुळे. कोलंबिया विद्यापीठातील विख्यात आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना त्यांचे डॅफ्नियावरील काम माहीत होते. त्यांच्या शिफारशीने न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात त्यांना जागा मिळाली. १९१४ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात गेले. मेरी तिथेच त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करू लागल्या. पुढची जवळपास ४७ वर्षे पापानिकोलाऊ कॉर्नेलमध्येच राहिले.

गिनीपिगच्या प्रयोगातून काय हाती लागले?

विभागप्रमुख चार्ल्स स्टॉकार्ड यांच्याकडे गिनीपिगवर प्रयोग सुरू होते. पापानिकोलाऊ यांना गिनीपिगच्या मादीतील बीजांडे ठरावीक अवस्थेत हवी होती. पण मादी त्या अवस्थेत केव्हा असते, हे बाहेरून कळण्याची सोय नव्हती. नेमकी वेळ माहीत नसल्याने प्राणी मारून अंदाजाने बीजांडे शोधावी लागत.

त्यांनी वेगळा विचार केला. अंडाशयात बदल होत असेल, तर त्याचा काही ना काही ठसा योनिमार्गातील स्रावात उमटायला हवा. नाक तपासण्याचे छोटे उपकरण वापरून त्यांनी हा स्राव घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दिवसागणिक पेशींचे प्रकार बदलताना दिसले. स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी हे संशोधन १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इतर शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उंदरांवर वापरली आणि स्त्री-संप्रेरकांच्या संशोधनाला वेग आला.

आजच्या थायरॉइड तपासणीच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. आतला अवयव कापून न पाहता, त्यातून आलेल्या मोजक्या पेशींवरून आतील स्थितीचा अंदाज बांधता येतो. अट एकच असते : कोणती पेशी कोणत्या स्थितीत दिसते, याचा तक्ता आधी नीट तयार असायला हवा.

मेरी यांची भूमिका काय होती?

प्राण्यांनंतर प्रश्न माणसांचा होता. १९२०च्या सुमारास पापानिकोलाऊ यांनी स्त्रियांमधील पेशींचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी पहिले नमुने दिले ते मेरी यांनी. जवळपास दोन दशके त्या सातत्याने नमुने देत राहिल्या. निरोगी स्त्रीच्या शरीरात महिन्याच्या कोणत्या दिवशी पेशी कशा दिसतात, हे त्यामुळे समजले. नॉर्मल काय आहे हेच माहीत नसेल, तर अ‍ॅबनॉर्मल ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर मेरी यांच्या नमुन्यांमधून मिळाले. प्रयोगशाळेतील काम, घर आणि पतीच्या वेळापत्रकाची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. या दाम्पत्याला मूल नव्हते.

१९२५ पासून पापानिकोलाऊ यांनी रुग्णालयातील स्त्रियांचे नमुने पद्धतशीरपणे तपासायला सुरुवात केली. त्यात काही काचांवर वेगळ्याच पेशी दिसल्या : केंद्रके मोठी, आकार वेडेवाकडे, रंग गडद. त्या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. गाठ न कापता, नुसत्या सुट्या पेशींमध्ये कर्करोग ओळखता येतो, हे त्यांच्या लक्षात आले.

१९२८ मध्ये डॉक्टरांनी त्यांना का नाकारले?

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे त्यांनी हे निष्कर्ष मांडले. ज्या परिषदेत ते मांडले गेले ती वैद्यकीय नव्हती, वंशसुधारवाद्यांची होती. कॉर्नफ्लेक्समुळे जगभर पोहोचलेल्या केलॉग कुटुंबातील डॉ. जॉन हार्वे केलॉग हे त्यामागचे प्रमुख नाव होते. कर्करोगतज्ज्ञांपर्यंत विषय पोहोचण्यासाठी ही जागा योग्य नव्हती. तिथे छापून आलेल्या निबंधातही चुका राहिल्या होत्या.

ज्या पॅथॉलॉजिस्टपर्यंत ही माहिती पोहोचली, त्यांना तिचे महत्त्व पटले नाही. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचता येते, तिथून तुकडा काढून बायोप्सी करता येते, मग सुट्या पेशींच्या मागे लागायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी पॅथॉलॉजिस्ट ऊतीची रचना पाहून निदान करत. एकेकट्या पेशीवरून निदान करणे त्यांना धोक्याचे वाटत होते. ही शंका अगदीच चुकीची नव्हती, आणि थायरॉइडच्या बाबतीत ती आजही अंशतः लागू होते.

याच सुमारास रुमानियातील डॉक्टर ऑरेल बाबेश यांनीही गर्भाशयमुखाच्या पेशींवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. त्यांचे काम बुखारेस्टमध्ये १९२७ मध्ये सादर झाले होते. त्यामुळे या शोधाचे पहिलेपण कोणाचे, यावर इतिहासकारांमध्ये आजही चर्चा होते. नमुना घेण्याची आणि रंगवण्याची दोघांची पद्धत मात्र वेगळी होती.

अकरा वर्षांनी चित्र कसे पालटले?

प्रतिसाद मिळाला नाही म्हणून पापानिकोलाऊ यांनी पेशींचा अभ्यास सोडला नाही. ते संप्रेरकांच्या संशोधनाकडे वळले आणि काचा पाहत राहिले. १९३९ मध्ये जोसेफ हिन्सी हे विभागप्रमुख झाले. त्यांनी कर्करोगाचा विषय पुन्हा हाती घेण्यास प्रोत्साहन दिले. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट सोबतीला आले. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे स्मिअर घेतले जाऊ लागले.

लक्षणे नसलेल्या, डोळ्यांना काहीच न दिसणाऱ्या स्त्रियांमध्येही कर्करोग सापडू लागला. १९४१ मध्ये पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तर १९४३ मध्ये पुस्तक आले. या पुस्तकातील पेशींची रंगीत चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहायचे, हे दूरच्या डॉक्टरांना त्या चित्रांमुळे कळले.

दरम्यान, १९४२ मध्ये त्यांनी पेशी रंगवण्याची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. काच सुकू न देता लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि मग ठरावीक क्रमाने रंग द्यायचे, अशी ही पद्धत. त्यामुळे केंद्रकातील बारीक रचना स्वच्छ दिसते. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाची ओळख मुख्यतः केंद्रकावरूनच पटते. फिकट, भुकटीसारखे दिसणारे केंद्रक, त्यावर कॉफीच्या बीसारखी खाच, कधी केंद्रकात शिरलेला पेशीद्रवाचा गोळा, अशा या खुणा असतात. म्हणूनच आठ दशकांनंतरही थायरॉइडच्या स्लाइडसाठी ‘पॅप स्टेन’ वापरला जातो.

आकड्यांची पद्धत कशी सुरू झाली?

तपासणी वाढली तसा नवा प्रश्न उभा राहिला. पॅथॉलॉजिस्टने जे पाहिले ते डॉक्टरला सांगायचे कोणत्या शब्दांत? पापानिकोलाऊ यांनी त्यासाठी पाच वर्ग केले. पहिल्या वर्गात पेशी पूर्ण नॉर्मल. दुसऱ्यात थोड्या वेगळ्या, पण कर्करोगाचा पुरावा नाही. तिसऱ्यात संशय, मात्र खात्री नाही. चौथ्यात दाट संशय आणि पाचव्यात कर्करोगाच्या पेशी स्पष्ट.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाचवा वर्ग आला तरी त्यावरून थेट उपचार करू नयेत, ऊतीची बायोप्सी करून खात्री करावी, अशीच त्यांची भूमिका होती. पुढचे पाऊल कोणते, एवढेच या वर्गवारीतून ठरणे अपेक्षित होते.

१९५० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९५४ मध्ये त्यांचा पेशींचा मोठा अ‍ॅटलास प्रसिद्ध झाला. त्यांनी लघवी, थुंकी, जठर अशा इतर ठिकाणांहून येणाऱ्या पेशींवरही काम केले. नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण तो पुरस्कार त्यांना मिळाला नाही. १९६१च्या अखेरीस ते मायामीतील कर्करोग संशोधन संस्थेची धुरा सांभाळायला गेले. जेमतेम तीन महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ७८ वर्षांचे होते. संस्थेला नंतर त्यांचे नाव देण्यात आले. मेरी यांचे निधन १९८२ मध्ये झाले.

अमेरिकेत १९५५ ते १९९२ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ७० टक्क्यांनी घटले. त्याचे मोठे श्रेय पॅप तपासणीला दिले जाते.

मग ही पद्धत थायरॉइडपर्यंत कशी आली?

गर्भाशयमुखाच्या पेशी आपोआप सुटतात आणि स्रावात मिसळतात. लघवीत मूत्राशयाच्या आणि थुंकीत फुप्फुसाच्या पेशी येतात. थायरॉइडचे तसे नाही. ही नलिका नसलेली, बंद ग्रंथी आहे. ती आपले हार्मोन थेट रक्तात सोडते. तिच्या पेशी शरीराबाहेर येण्याचा मार्गच नाही. त्यामुळे आत सुई घालण्याशिवाय पर्याय नव्हता.

सुईने गाठीतील पेशी खेचण्याचे काम न्यूयॉर्कच्याच मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांची सुई जाड होती आणि अमेरिकेत ही पद्धत फारशी पसरली नाही. १९५० नंतर स्वीडनमधील डॉक्टरांनी, विशेषतः स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातील मंडळींनी, अधिक बारीक सुई वापरून थायरॉइडसह अनेक अवयवांसाठी ती विकसित केली. हीच आजची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी.

याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे टळणाऱ्या शस्त्रक्रिया. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पूर्वी हे कळण्यासाठी ग्रंथीचा भाग काढूनच पाहावा लागे. शस्त्रक्रिया म्हटली की आवाजाच्या नसेला किंवा कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा होण्याचा धोका आला. पूर्ण ग्रंथी काढली, तर आयुष्यभर रोज गोळी घ्यावी लागते.

पाच वर्ग बाद का झाले?

पापानिकोलाऊ यांच्या पाच वर्गांचा अर्थ हळूहळू प्रत्येक लॅब आपापल्या पद्धतीने लावू लागली. एका लॅबचा दुसरा वर्ग हा दुसऱ्या लॅबचा तिसरा वर्ग ठरू लागला. आउटपुटचे एककच वेगवेगळे असेल तर मोजमाप कितीही चांगले असून उपयोग नाही, तशी ही अवस्था होती. त्यातच १९८७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने काही अमेरिकी लॅबमध्ये तंत्रज्ञ घाईघाईने ढीगभर काचा तपासतात आणि कर्करोग नजरेतून सुटतो, हे उघड केले. त्यानंतर अमेरिकेत कायदा कडक झाला आणि एका तंत्रज्ञाने दिवसाला जास्तीत जास्त १०० काचा तपासण्याची मर्यादा आली.

डिसेंबर १९८८ मध्ये मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. तिथे पाच वर्गांऐवजी नवी, सर्वांना एकाच अर्थाने समजेल अशी रिपोर्टची भाषा ठरली. गावाच्या नावावरून ती ‘बेथेस्डा पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

थायरॉइडच्या रिपोर्टमध्येही हाच गोंधळ होता. ऑक्टोबर २००७ मध्ये बेथेस्डा येथेच थायरॉइडसाठी परिषद झाली आणि सहा गट ठरले. या पद्धतीची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

सहा गट काय सांगतात?

२०२३च्या आवृत्तीनुसार प्रत्येक गटात कर्करोग निघण्याची सरासरी शक्यता अशी आहे :

गट १ – नमुना अपुरा : १३ टक्के

गट २ – साधी गाठ : ४ टक्के

गट ३ – अनिश्चित, पेशींत थोडा वेगळेपणा : २२ टक्के

गट ४ – फॉलिक्युलर निओप्लाझम : ३० टक्के

गट ५ – कर्करोगाचा संशय : ७४ टक्के

गट ६ – कर्करोग : ९७ टक्के

पहिला गट वाचून घाबरण्याचे कारण नाही. फॉलिक्युलर पेशींचे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात किमान दहा पेशी मिळाल्या, तरच नमुना साधारणपणे पुरेसा धरला जातो. तेवढ्या मिळाल्या नाहीत, तर सुई पुन्हा घालावी लागते. शिवाय हे आकडे प्रामुख्याने शस्त्रक्रिया झालेल्या गाठींवरून काढलेले आहेत. साध्या वाटणाऱ्या बहुतेक गाठी कापल्याच जात नाहीत. त्यामुळे खालच्या गटांमधील प्रत्यक्ष धोका याहूनही कमी असू शकतो.

गट ४ मध्ये १९२८ची ती जुनी शंका पुन्हा समोर येते. फॉलिक्युलर प्रकारची साधी गाठ आणि फॉलिक्युलर कर्करोग यांच्या पेशी सारख्याच दिसू शकतात. फरक असतो तो गाठीने आपले आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, यात. सुईतून फक्त पेशी येतात, आवरण येत नाही. त्यामुळे कितीही अनुभवी डोळे असले तरी इथे अंतिम उत्तर शस्त्रक्रियेनंतरच मिळते. गट ३ आणि ४ मध्ये आता शक्य तिथे पेशींची जनुकीय तपासणीही केली जाते.

या आकड्यावरून आजाराचे भवितव्य कळते का?

सरळ उत्तर : थेट नाही, पण काही संकेत मिळतात. बेथेस्डा गट म्हणजे कर्करोगाची स्टेज नव्हे. गट ६ म्हणजे सहावी पायरी किंवा शेवटची अवस्था असा अर्थ मुळीच होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की, कर्करोग असल्याची खात्री जवळपास पूर्ण आहे.

भवितव्य अधिक ठरते ते कर्करोगाच्या प्रकारावर. गट ६ मध्ये पॅथॉलॉजिस्ट शक्यतो प्रकारही लिहितात. सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी कर्करोग बहुतेकांमध्ये संथ असतो आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. मेड्युलरी प्रकार वेगळ्या पेशींतून येतो, त्यात आनुवंशिकता तपासावी लागते. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार दुर्मीळ पण अत्यंत आक्रमक असतो आणि तो सापडताच चौथ्या स्टेजचा धरला जातो. तिन्ही रिपोर्टवर ६ हाच आकडा असू शकतो. म्हणून आकड्यापुढची ओळ वाचणे जास्त महत्त्वाचे.

शस्त्रक्रियेनंतर कर्करोग निघालेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांत एक कल दिसला आहे. आधी गट ३ किंवा ४ मध्ये असलेले कर्करोग तुलनेने सौम्य निघतात, तर गट ५ आणि ६ मधील कर्करोग मानेतील लसीका ग्रंथींमध्ये पसरलेले असण्याचे प्रमाण जास्त असते. याचे कारण पेशींतच आहे. केंद्रकातील बदल जितके ठळक, तितका पॅथॉलॉजिस्ट वरचा गट देतो, आणि ठळक बदल असणारे प्रकार पसरण्याकडे अधिक झुकलेले असतात.

यासोबत वयही पाहिले जाते. सध्याच्या स्टेजिंग पद्धतीत पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोगाचा रुग्ण ५५ वर्षांपेक्षा लहान असेल, तर आजार दूरच्या अवयवात पोहोचला असला तरी त्याची स्टेज दुसरीच धरली जाते. बहुतेक इतर कर्करोगांमध्ये असे नसते.

वर्गवारी बदलली की माणसाचे आयुष्यही बदलते, याचे ठळक उदाहरण २०१६ मधले आहे. आवरणात बंद असलेल्या, आत न घुसणाऱ्या एका प्रकारच्या १०९ रुग्णांचा किमान १० वर्षांचा पाठपुरावा पाहिला गेला. एकातही आजार परतला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या प्रकाराच्या नावातून कर्करोग हा शब्दच काढून टाकला.

महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो?

पेशी वाचण्याच्या पद्धतीची मर्यादा दाखवणारा एक मोठा अभ्यास आपल्याकडेच झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने मात्र तशी घट दिसली नाही. पॅप तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते आणि तिला प्रशिक्षित डोळे लागतात.

थायरॉइडलाही हे लागू होते. सुई नेमक्या जागी गेली का, पेशी पुरेशा आल्या का, स्लाइड नीट रंगवली का आणि ती कोणी वाचली, यावर आकड्याचा भरवसा अवलंबून असतो. शंका असेल तर त्याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घेता येतात. त्या मागण्याचा रुग्णाला संकोच वाटू नये.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहावे?

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न चार आहेत. नमुना पुरेसा होता का? गट कोणता आणि त्यापुढे पेशींचा प्रकार लिहिला आहे का? सोनोग्राफीत दिसलेली गाठ या गटाशी जुळते का? आणि पुढचे पाऊल कोणते : सहा महिने-वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा सुई, जनुकीय तपासणी की शस्त्रक्रिया?

पापानिकोलाऊ यांचे चित्र १९९५ मध्ये ग्रीसच्या १०,००० द्राख्माच्या नोटेवर आले. १३ मे २०१९ रोजी, त्यांच्या १३६व्या जयंतीला, गुगलने त्यांचे डूडल केले. त्यांचे पाच वर्ग आज वापरात नाहीत. पेशींवरून संशय ओळखायचा आणि खात्री पुढच्या तपासणीने करायची, हा त्यांचा नियम मात्र बेथेस्डाच्या सहा गटांनाही तसाच लागू आहे.